माणूस दिसतो, पण करतो काय?

मराठी कथा-कादंबरीतली माणसं दिसतात छान. त्यांची बोलण्याची ढब, तंबाखू मळण्याची तऱ्हा, देण्याघेण्याच्या वेळी आवाजात येणारा बारीक बदल, सगळं नेमकं टिपलेलं असतं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तळकोकण, जतचा दुष्काळी पट्टा, मराठवाडा, वऱ्हाड इथल्या बोली ज्या अस्सलपणे छापल्या गेल्या, तशा त्या पूर्वी क्वचितच छापल्या गेल्या असतील. तरीही पुस्तक मिटल्यावर स्वतःलाच विचारून पाहावं, या माणसाने दोनशे पानांत केलं काय? उत्तर पटकन सापडत नाही. त्याच्यावर बरंच कोसळलं. पाऊस गेला, कर्ज झालं, नोकरी लागली नाही, गाव बदललं. तो सोसत राहिला आणि सोसताना त्याने बारीक निरीक्षणं केली. पण त्याने आपणहून काही ठरवलं आणि त्याची किंमत मोजली, असा प्रसंग शोधावा लागतो. आजच्या मराठी कथनात्मक गद्याचं मुख्य दुखणं मला हेच वाटतं. ते जडलं कसं हे पाहायचं, तर थोडं मागे जावं लागेल.

आपल्याकडे व्यक्तिचित्राची परंपरा फार जोरकस आहे. व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' 1949 साली आलं, पु. ल. देशपांड्यांचं 'व्यक्ती आणि वल्ली' 1962 साली. दोन्ही पुस्तकांनी वाचकांच्या पिढ्याच्या पिढ्या घडवल्या आणि लिहिणाऱ्यांच्याही. व्यक्तिचित्रात माणूस कसा आहे ते सांगायचं असतं, आणि ते सांगून झालं की काम झालं. कथेत तेवढ्याने भागत नाही. हाच माणूस अडचणीत सापडला तर काय करेल, हे तिथे दाखवावं लागतं, आणि तो जे करेल त्याने वाचकाला थोडा धक्का बसावा, पण अविश्वास वाटू नये, अशी ती तारेवरची कसरत आहे. खुद्द माडगूळकरांना हा फरक पक्का ठाऊक होता. 'बनगरवाडी'त शेकूचा बैल जातो आणि त्याची बायको स्वतःच जुवाला मान देते. तिच्या स्वभावाचं वर्णन करायला माडगूळकर थांबत नाहीत, आणि थांबण्याची गरजही उरत नाही. पुढे ज्यांनी त्यांचं अनुकरण केलं, त्यांनी माणदेशी माणसांची लकब उचलली आणि जुवाखालची मान सोडून दिली. आज दिवाळी अंकातली कथा उघडावी तर पहिल्या दोन पानांत एक विक्षिप्त म्हातारा, त्याचं एक ठरलेलं वाक्य, त्याचं तिरपं चालणं हे सगळं हजर असतं. शेवटच्या पानावर म्हातारा मरतो. अधेमधे कथा असायला हवी होती.

दुसरं कारण कथानकाच्या बदनामीत आहे. ना. सी. फडक्यांनी 1931 साली 'प्रतिभासाधन' लिहून कथा-कादंबरीचं तंत्र शिकवायला घेतलं. त्यांच्या लेखी गुंतागुंत, उत्कंठा, कळसाध्याय ही सगळी कारागिरी होती आणि ती शिकता येण्याजोगी होती. तंत्राच्या या लगामाखाली माणसं मात्र गुळगुळीत झाली. प्रेमिक देखणे, संकटं सोयीची, शेवट बेतलेले. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि माडगूळकर यांच्या नवकथेने हा साचा मोडला, हे फार बरं झालं. मनाच्या कोपऱ्यातल्या हालचाली, अर्धवट विचार, शरमेचे क्षण यांना कथेत जागा मिळाली. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. कथानक म्हणजे हलकं, बाजारू, असा समज तेव्हापासून जो बसला तो अजून पुरता गेलेला नाही. गोष्ट रचण्याचं काम मग ऐतिहासिक कादंबरीकारांकडे, रहस्यकथा आणि भयकथा लिहिणाऱ्यांकडे गेलं. नारायण धारप किंवा सुहास शिरवळकर यांचं नाव गंभीर समीक्षेत घेताना आजही जो तो आजूबाजूला पाहून घेतो. (वाचनालयातल्या प्रतींचे झिजलेले कोपरे मात्र वेगळंच सांगतात.)

1963 हे वर्ष या संदर्भात मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या एकाच वर्षी भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' आली आणि बाबुराव बागूलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रहही आला. खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर काही मिळवत नाही, परत जातो, आणि या काही न मिळवण्याची कादंबरी होते. त्या काळच्या यशस्वी नायकांच्या गर्दीत ती किती मोकळी वाटली असेल, याची आज नीट कल्पना येणार नाही. पण सांगवीकरचं निष्क्रिय राहणं नेमाड्यांनी कमावलेलं आहे. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूची पानं वाचावीत. तिथे निवेदकाचा सारा टवाळखोरपणा फाटतो, आणि इतका वेळ तो हसत का होता ते आपल्याला कळतं. नंतरच्या साठ वर्षांत गावाकडून शहरात आलेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या, सगळ्याला तुच्छ लेखणाऱ्या 'मी'ची रांग लागली. टवाळी सोपी होती, ती सगळ्यांना जमली. त्या मृत्यूची पानं फारशी कुणाला जमली नाहीत.

बागूलांच्या शीर्षककथेतला 'मी' वेगळ्या जातकुळीचा आहे. परगावी रेल्वेत नोकरीला लागलेला हा तरुण खोली मिळवण्यासाठी जात लपवतो. हे तो स्वतः ठरवतो. त्यानंतरचा प्रत्येक प्रसंग, मित्राचं प्रेम, आदर, रोजची भीती, शेवटची मारहाण, या एका कृतीतून निघतो. कथानक वेगळं रचायची गरजच पडत नाही, कारण माणसाची कृती हेच कथानक आहे. शिवाय जातीवर भाष्य करायला लेखकाला बाहेरून यावं लागत नाही. चोरलेली जात आणि मिळालेली खोली यांच्यामधल्या ताणात ते सगळं आलेलं असतं. मराठी कथेने 'कोसला'चा वारसा हौसेने चालवला. बागूलांचा वारसा विद्रोहाचा म्हणून चालवला, पण त्यातली रचनेची शिकवण बाजूला राहिली. आपलं मोठं नुकसान झालं ते इथे.

उद्धव शेळक्यांची 'धग' 1960 सालची. तिच्यातली कौतिक हीही अशीच करती बाई आहे. नवरा महादेव शिंपीकाम करणारा, आळशी, पुढे रोगाने खंगणारा. ती मात्र एकामागून एक मार्ग काढत राहते, आणि तिने काढलेला प्रत्येक मार्ग तिला थोडं अधिक खाली नेतो. गरिबीवर लिहिताना दयेचा सूर लागू न देणं शेळक्यांना साधलं, कारण कौतिकला दया करून घ्यायला सवड नसते. तुळजापूरच्या देवीदास सौदागर यांच्या 'उसवण'ला 2024 साली साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. तिचा नायक विठूही शिंपी, तयार कपड्यांनी ज्याचा धंदा बसवला असा. दोन्ही कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचाव्यात. सौदागरांना मशीन, कापड, गिऱ्हाईक, उधारी आतून माहीत आहे आणि ते ज्ञान पानोपानी जाणवतं. पण विठूवर जे येतं ते बाजाराकडून येतं, आणि कौतिकवर जे येतं त्यात तिच्या स्वतःच्या हिमतीचाही वाटा असतो. म्हणून मनात कौतिक जास्त खोल रुतते.

हा फरक प्रश्नप्रधान कादंबरीत सर्वांत ठळक दिसतो. शेतीचं अरिष्ट, विस्थापन, बेकारी हे विषय मराठी कादंबरीने टाळले नाहीत, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मधला शिकून बेकार राहिलेला एकनाथ एका अख्ख्या पिढीचा चेहरा झाला. पण पिढीचा चेहरा होण्यात एक धोका असतो. असा नायक काहीही वेडंवाकडं करू शकत नाही, कारण त्याच्यामागे पिढी उभी असते. मला त्या कादंबरीत अलका, त्याची बायको, अधिक चमत्कारिक आणि म्हणून अधिक जिवंत वाटते. त्या घरात तिचं मन रमत नाही आणि तिची तक्रार पूर्णपणे अन्याय्यही नाही. तिच्या बाजूने शंभर पानं असती तर 'बारोमास' आहे त्याहून अस्वस्थ करणारी झाली असती. व्यवस्था खलनायक झाल्यापासून आपल्याकडे खलनायकच उरलेला नाही. हरि नारायण आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'मधले शंकरमामंजी सव्वाशे वर्षांनंतर आठवतात, कारण रूढीचा सगळा जुलूम त्यांच्या हातून, त्यांच्या तोंडून होतो. आजच्या कादंबरीतला सावकार नुसता सावकार असतो.

धरणग्रस्तांवरची विश्वास पाटलांची 'झाडाझडती' गावंच्या गावं कवेत घेते. तिचा आवाका, सरकारी कारभाराची तिची जाण अजोड आहे. कृष्णात खोत यांनी 'रिंगाण'मध्ये, जिला 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हाच विषय घेतला आणि तो एका माणसावर आणि एका म्हशीवर आणून ठेवला. गाव धरणात गेलं, माणसं नव्या जागी आली, जनावरं मागे रानात राहिली. देवाप्पा म्हैस आणायला निघतो. बस, एवढीच गोष्ट. पण देवाप्पाला काहीतरी हवं आहे आणि ते मिळवायला तो चालू लागला आहे. म्हणून रान, पाणी, जनावर, गेलेलं गाव, सगळं त्याच्या पावलांबरोबर आपोआप येत जातं. विस्थापनाची आकडेवारी न देता विस्थापन कळतं. गेल्या दहा वर्षांत मराठीत व्यक्ती आणि कथानक यांची इतकी घट्ट वीण मी दुसरीकडे फारशी पाहिलेली नाही.

बायकांच्या लेखनात हे दुखणं पहिल्यापासून कमी आहे, ही गोष्ट समीक्षेने पुरेशी नोंदवलेली नाही. कमल देसाई, गौरी देशपांडे, सानिया, मेघना पेठे यांच्या नायिका काहीतरी ठरवतात. घर सोडतात, परत येतात, नको त्या माणसावर प्रेम करतात आणि त्याची जबाबदारी घेतात. गौरीबाईंच्या नायिका सुखवस्तू आहेत, परदेशात हिंडतात, ही तक्रार मी अनेकदा ऐकली. असतील. पण निवड करायला मोकळ्या असलेल्या बाईने चुकीची निवड केली तर काय होतं, हे त्यांनी लिहिलं नसतं तर कुणी लिहिलं असतं?

शहरी लेखनातला पट वेगळा आहे. श्याम मनोहर माणसांना मुद्दामच पुसट ठेवतात. त्यांना घराघरांत चालणाऱ्या विचारांची, विचार न करण्याचीही, गंमत दाखवायची असते, आणि ते एकट्यालाच जमतं. त्यांच्या वाटेने गेलेल्यांच्या हाती फक्त पुसटपणा लागला. जयंत पवारांनी 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर'मध्ये उलट केलं. गिरणगाव उजाडल्यानंतरच्या मुंबईतली माणसं त्यांनी अफवा, स्वप्न, दंतकथा यांच्यातून फिरवली आणि गोष्ट सांगण्याची जुनी भूक पुन्हा जागी केली. नाटककाराचा हात होता. पात्राला रंगमंचावर आणलं की त्याला काम द्यावं लागतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' छोटी आहे, पण रचनेचा वस्तुपाठ आहे. तनय आणि अनुजा, भाऊ आणि बहीण, एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात आणि आपापली हकीकत वेगवेगळी सांगतात. त्या भाडेकरूचं नाव आपल्याला कळत नाही, तरी दोन हकीकतींच्या फटीतून तो पुरता दिसतो. हृषीकेश गुप्त्यांनी भयकथेतून कमावलेली कथानकाची पकड 'दंशकाल'सारख्या कादंबरीत आणली. धारपांचं देणं असं उशिरा का होईना फेडलं जातं आहे.

आता ऐकायच्या गोष्टींनी नवाच पेच आणला आहे. स्टोरीटेल 2017 साली भारतात आलं तेव्हापासून मराठीत खास ऐकण्यासाठी मालिका लिहिल्या जाऊ लागल्या. भागाच्या शेवटी श्रोत्याला अडकवून ठेवायचं, म्हणजे फडक्यांची उत्कंठा मागच्या दाराने परत आली. यावर नाकं मुरडण्यात अर्थ नाही. आपटेही 1890 पासून 'करमणूक'साठी आठवड्याच्या आठवड्याला लिहीतच होते, आणि त्यातूनच 'पण लक्षात कोण घेतो?'ची निवेदक यमू उभी राहिली. पंचविशीतल्या पुरुषाने एका मुलीचा आवाज असा पेलावा, हे अजूनही आश्चर्यच आहे. मुद्दा असा की आठवड्याच्या घाईतही पुढचा प्रसंग यमूच्या घरातून, तिच्या माणसांतून निघे. आजच्या अनेक मालिकांत तो अपघातातून नाहीतर हरवलेल्या मोबाइलमधून निघतो.

राहता राहिले संपादक. 'सत्यकथा' मासिक 1982 साली बंद पडलं. त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत, बदल सुचवत, कथा परत पाठवत. त्याचा जाच झालेलेही होते, आणि लिटल मॅगझिनवाल्या तरुणांनी त्या मासिकाची होळीही केली. ती बंडखोरी समजण्यासारखी होती. पण नंतर जे पसरलं ते संपादनाविना छापणं. आज दिवाळी अंकाला दिलेली कथा बहुधा दिली तशीच छापली जाते, शुद्धलेखन तपासलं तरी नशीब. ज्यांना बोली, भूगोल आणि प्रश्न इतके चांगले येतात, त्या लेखकांना 'तुमचा नायक सातव्या पानावर गप्प का बसतो?' एवढं विचारणारं कुणीतरी हवं. कार्यशाळा घेऊन हे होत नाही, ते एकेका हस्तलिखितावर बसून करावं लागतं.

म्हणून संपादकांना विनंती आहे. यंदाच्या अंकासाठी आलेल्या कथांपैकी सर्वांत चांगली निवडा आणि ती छापायच्या आधी एकदा लेखकाकडे परत पाठवा, प्रश्नासकट. आणि लेखकाला मानधन त्या दुसऱ्या खर्ड्याचंही द्या.