शहाण्याची पायरी आणि गिडियनचा अर्ज

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण भारतातून येताना लोणच्याच्या बरणीबरोबर सामानात बांधून आणली. आम्ही तर ती फारच जपली. न्यू जर्सीतले आमचे पहिले भाड्याचे घर सोडताना घरमालकाने दीड महिन्याचे डिपॉझिट ठेवून घेतले. कारण विचारले तेव्हा भिंतींच्या रंगाकडे बोट दाखवले. व्हिसावर आलेल्या माणसाने परक्या देशात तक्रार करू नये, असे मनाशी म्हणून आम्ही गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची आठवण अँथनी लुईस यांचे ‘गिडियन्स ट्रम्पेट’ वाचताना पुन्हा झाली.

पुस्तक १९६४ चे. त्यावर १९८० मध्ये हेन्री फोंडाची भूमिका असलेला दूरचित्रवाणीपटही निघाला. हकीकत खरी आहे. फ्लॉरिडातल्या पनामा सिटीत १९६१ साली क्लॅरन्स अर्ल गिडियन नावाच्या, पन्नाशी गाठलेल्या, कफल्लक माणसावर पूलरूम फोडल्याचा आरोप आला. त्याने न्यायाधीशांकडे वकील मागितला. फ्लॉरिडाच्या कायद्याप्रमाणे सरकारी खर्चाने वकील फक्त देहदंडाच्या खटल्यात मिळत असे, म्हणून नकार आला. साक्षीदारांची उलटतपासणी त्याने स्वतःच केली आणि पाच वर्षांची शिक्षा पदरात पडली. तुरुंगातून त्याने सर्वोच्च न्यायालयाला पेन्सिलीने अर्ज लिहिला. न्यायालयाने तो ऐकायला घेतला, एब फोर्टास यांच्यासारखा नामांकित वकील त्याला नेमून दिला आणि १८ मार्च १९६३ रोजी एकमताने निकाल दिला की, गंभीर फौजदारी खटल्यात गरीब आरोपीला वकील पुरवणे हे प्रत्येक राज्याचे कर्तव्य आहे. फेरखटल्यात स्थानिक वकील मिळाल्यावर ज्यूरीने गिडियनला निर्दोष सोडले.

लुईस हे ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे न्यायालयीन वार्ताहर. कायद्याची किचकट बाब गोष्टीसारखी सांगण्याची हातोटी त्यांना साधली आहे. त्यांनी गिडियनचा देव केलेला नाही. तो तुरुंगाच्या वाऱ्या केलेला, हेकट माणूस होता, हे ते लपवत नाहीत. फ्लॉरिडाची बाजू मांडणाऱ्या तरुण वकिलालाही ते न्याय देतात. पण आपल्यासाठी सर्वांत मोलाचा भाग वेगळाच आहे. या देशात हक्क दोन ठिकाणांहून येतात, काही संघराज्याच्या घटनेतून आणि काही आपण राहतो त्या राज्याच्या कायद्यातून, ही गोष्ट या पुस्तकाइतकी सोपी करून सांगणारे दुसरे काही माझ्या वाचनात नाही. १९४२ च्या ‘बेट्स’ निकालाने वकील देण्याचा प्रश्न बहुतांशी राज्यांवर सोपवला होता. एका राज्यात वकील मिळे, शेजारच्यात मिळत नसे. पुढे वीसहून अधिक राज्यांनीच गिडियनच्या बाजूने उभे राहावे, हे वाचून मन सुखावते.

माझी तक्रार नेमकी या सुखावण्याबद्दल आहे. पुस्तक मिटताना वाचकाला वाटते की, या देशात गरजूला वकील मिळतोच. ते खरे नाही. गिडियनचा हक्क फौजदारी खटल्यापुरता आहे. आपल्या घरांतली दुखणी बहुधा दिवाणी असतात: घरमालक, थकलेला पगार, घटस्फोट, मुलांचा ताबा. आईचा मुलावरचा हक्क कायमचा काढून घेतानाही तिला वकील द्यावाच लागेल असे नाही, असे याच सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये ‘लॅसिटर’ खटल्यात म्हटले. इमिग्रेशन कोर्टात वकील करता येतो, पण सरकार आपल्या खर्चाने सहसा देत नाही. १९६४ च्या पुस्तकाकडून पुढचा इतिहास कोणी मागणार नाही. पण दिवाणी बाजू तेव्हाही होतीच, आणि लुईस तिच्याकडे पुरेसे वळत नाहीत.

दिवाणी बाबतीत मदत शोधावी लागते, आणि ती राज्याराज्यांत निराळी असते. १९७४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनच्या पैशावर ठिकठिकाणी मोफत कायदा-मदतीची कार्यालये चालतात. पण उत्पन्नाची मर्यादा साधारणपणे दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के, आणि एच-१ किंवा एच-४ व्हिसावरची माणसे सहसा त्यात बसत नाहीत. घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला मात्र व्हिसा कोणताही असला तरी त्या छळाशी निगडित बाबींत ही मदत मिळू शकते. ही ओळ आपल्या प्रत्येक स्नेहसंमेलनात मोठ्याने वाचायला हवी. न्यू जर्सीत १९८५ साली सुरू झालेली ‘मानवी’ ही दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीची संस्था आहे. रट्गर्स आणि सेटन हॉल या विद्यापीठांच्या लॉ स्कूलमध्ये प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी निवडक प्रकरणे विनामूल्य चालवतात.

आणि पुष्कळदा वकील लागतही नाही. न्यू जर्सीत घरमालकाने डिपॉझिट ३० दिवसांत, कापलेल्या रकमेचा हिशेब देऊन परत करायचे असते. अन्यायाने अडवले तर न्यायालय दुप्पट रक्कम देववते. ५,००० डॉलरपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्समध्ये स्वतः मांडता येतो. कायद्यात शब्द ‘भाडेकरू’ असा आहे, ‘नागरिक’ असा नाही. हे तेव्हा ठाऊक असते तर आम्ही गप्प बसलो नसतो.

गंमत अशी की, ज्या देशातून आपण ती म्हण आणली तिथला कायदा कागदावर अधिक उदार आहे. ‘होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या १९७८ च्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कैद्याला अपिलासाठी मोफत वकील देण्याचे तत्त्व मांडले, आणि १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना उत्पन्न न पाहता दिवाणी प्रकरणांतही मदतीचा हक्क दिला. कागद आणि अनुभव यांतले अंतर तिथेही आहेच.

तरीही ‘गिडियन्स ट्रम्पेट’ घराघरांत असावे, विशेषतः कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या हाती. त्यात हक्कांची यादी सापडणार नाही. पण फारसे न शिकलेला, खिशात दमडी नसलेला माणूस पेन्सिल उचलतो आणि मागतो, एवढे त्यातून शिकता येते. आपण तर पदव्या घेऊन आलेली माणसे. आपल्याला मागायला कसली लाज?