शालेय भोजनाचे दोन संकेतांक : युरोपीय सामायिक खरेदी-शब्दावलीचे परीक्षण

युरोपीय संघातील नगरपालिका, जिल्हा मंडळे आणि अन्य स्थानिक स्वराज्य संस्था यांना ठरावीक मर्यादेपलीकडील खरेदीची निविदा-सूचना प्रसिद्ध करताना खरेदीचा विषय शब्दांबरोबर अंकांतही सांगावा लागतो. हे अंक 'सामायिक खरेदी-शब्दावली'तून घ्यावयाचे असतात. २००२ च्या विनियमाने ही शब्दावली बंधनकारक झाली व २००८ मध्ये तिची सुधारित आवृत्ती अमलात आली. मुख्य शब्दावलीत नऊ हजारांहून अधिक पदे असून प्रत्येकास आठ अंकांचा संकेतांक व नववा पडताळा-अंक आहे. पहिले दोन अंक विभाग दाखवितात, तिसरा गट, चौथा वर्ग, पाचवा उपवर्ग. उरलेले तीन अधिक नेमकेपणा आणतात. पडताळा-अंकास स्वतःचा अर्थ नाही; लेखनिकाच्या हातून झालेली चूक उघडी पाडणे एवढेच त्याचे काम. नैसर्गिक भाषेतही लिंग-वचनाची पुनरुक्ती पुष्कळदा असेच काम करते, हे येथे सहज आठवते.

शब्दावली स्वतःस शब्दावली म्हणविते, त्या अर्थी तिचे परीक्षण कोशाच्या कसोट्यांनी व्हावयास हरकत नाही. कोशाकडून किमान अपेक्षा अशी, की एका अर्थास एक स्थान असावे आणि शेजारच्या पदांमुळे प्रत्येक पदाची सीमा कळावी. पदाचे मूल्य त्याच्या शेजाऱ्यांवरून ठरते, हा द सोस्यूरचा सिद्धान्त साहित्यापेक्षाही अशा कृत्रिम संकेतव्यवस्थेस अधिक काटेकोरपणे लागू पडतो. कारण येथे संदर्भ, स्वर वा वक्त्याचा हेतू मदतीस येत नाही.

या कसोटीवर एक उदाहरण पाहणे उद्बोधक ठरेल. एखाद्या नगरपालिकेस शाळेतील मुलांच्या दुपारच्या जेवणाची सोय करावयाची आहे. ५५ या विभागात खानपान-सेवांचा वर्ग ५५५२००००-१ हा आहे. त्याखाली ५५५२३०००-२ म्हणजे 'अन्य उद्योग वा अन्य संस्था यांच्यासाठी खानपान-सेवा', आणि तिच्या पोटात ५५५२३१००-३ म्हणजे 'शालेय भोजन-सेवा'. परंतु या 'अन्य संस्था'च्या शेजारीच, तिच्याच पातळीवर, ५५५२४०००-९ हा 'शालेय खानपान-सेवा' असा स्वतंत्र संकेतांक उभा आहे. म्हणजे शाळा ही एकदा 'अन्य' संस्थांत मोडते आणि एकदा त्यांच्या बाहेर राहते. 'अन्य' या शब्दास अर्थ येतो तो आधी वगळलेल्या गोष्टींमुळे. येथे जी गोष्ट वगळली असे दिसते, तीच आत शिरलेली आढळते. तर्कशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात हा वर्गीकरणाचा दोष म्हणून दाखविला जाईल.

इंग्रजी पाठ वाचून या दोन पदांतील भेद कळत नाही. जर्मन पाठात मात्र पहिल्या पदाचा अर्थ 'शालेय भोजन पोहोचविणे' असा होतो व दुसऱ्याचा 'शाळांसाठी भोजनव्यवस्था'. म्हणजे जेवण बाहेर शिजवून आणून देणे वेगळे आणि सारी व्यवस्था पाहणे वेगळे. भेद समंजस आहे. पण तो एका भाषेच्या मथळ्यात आहे आणि दुसऱ्या भाषेच्या मथळ्यात नाही. अंक सर्व भाषांत एकच, म्हणून अर्थही एकच, हे या शब्दावलीचे गृहीत. ते कितपत टिकते, हे या एका जोडीवरून दिसून येते. अंक हा भाषांमधील सेतू खरा, परंतु सेतूच्या दोन्ही टोकांना जमीन सारख्याच उंचीवर असावी लागते.

हा केवळ कोशकारांचा वाद नव्हे. ५५५२३ या अंकांनी शोध घेणाऱ्या भोजन-पुरवठादारास एक सूचना दिसते व दुसरी दिसत नाही. मोठी पेढी सर्व संकेतांकांवर लक्ष ठेवावयास माणूस नेमते; चार स्वयंपाकी बाळगणाऱ्या गावातील व्यवसायिकास ते परवडत नाही. शिवाय संकेतांकास कायद्याचे वजन आहे. २०१४ च्या खरेदीविषयक निर्देशाच्या परिशिष्टात ज्या सेवांस सौम्य नियम लागू आहेत त्यांची यादी या संकेतांकांनीच दिली असून वरील दोन्ही संकेतांक तीत आहेत. अशा सेवांची मर्यादा ७,५०,००० युरो आहे. उलट तीच नगरपालिका पाव १५८१११००-७ या संकेतांकाखाली, भाजीपाला व दूध अशाच वस्तूंच्या संकेतांकांखाली विकत घेऊन आपल्या मुदपाकखान्यात शिजवील, तर तो वस्तूंचा पुरवठा ठरतो आणि स्थानिक संस्थांसाठी त्याची मर्यादा दोन लाख युरोंहून थोडीच अधिक आहे. ताटात पडणारे अन्न एकच, परंतु खुली युरोपीय स्पर्धा कोठे सुरू होते हे ते कोठे शिजले यावर अवलंबून राहते.

यावर असे उत्तर देता येईल, की सूचनेत मुख्य संकेतांकाबरोबर पूरक संकेतांकही देता येतात, तेव्हा दोन्ही लिहावेत. उत्तर व्यवहारास धरून आहे. पण दोन पर्यायांपैकी कोणताही चालतो असे म्हणणे म्हणजे वर्गीकरणाने आपले काम लेखनिकावर ढकलणे होय. आणि घाईत असलेला लेखनिक दोन्ही लिहिण्याऐवजी वरचा, सैल संकेतांक लिहून मोकळा होतो. ४५००००००-७, म्हणजे नुसते 'बांधकाम', हे त्याचे आवडते आश्रयस्थान.

२००८ च्या सुधारणेने द्रव्यापेक्षा वस्तूच्या उपयोगास प्राधान्य दिले आणि द्रव्यादी गुणधर्म पूरक शब्दावलीकडे सोपविले. दिशा योग्य होती. खरेदी करणारा 'लोखंड' मागत नाही, 'बाक' मागतो. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाच्या दहा वर्गांत अखेरचा पण्यवर्ग येतो, तोही राज्यकर्त्याच्या व्यवहाराच्या दृष्टीने. द्रव्यशास्त्राच्या दृष्टीने नव्हे. तथापि उपयोग हे तत्त्व स्वीकारल्यावर तो कोणाचा, पुरविणाऱ्याचा की वापरणाऱ्याचा, याचा निर्णय करावा लागतो. ५५५२३१०० मध्ये पुरविणाऱ्याची क्रिया पाहिली आहे, ५५५२४००० मध्ये वापरणारी संस्था. शाळेच्या जेवणाचे दोन संकेतांक झाले ते या न झालेल्या निर्णयामुळे, आणि असा निर्णय केवळ मथळे सुधारून होण्यासारखा नाही. त्यासाठी ५५५२ खालील सर्व पदे पुन्हा एकाच दृष्टीने लावावी लागतील.