बाहीवरचे पंख

कॅप्टन एरिक ब्राउन ह्यांचें 'विंग्ज ऑन माय स्लीव्ह' हें आत्मचरित्र प्रथम १९६१ सालीं प्रसिद्ध झालें, व पुढें बऱ्याच वर्षांनीं त्याची वाढविलेली आवृत्ति निघाली. ब्रिटिश आरमारांतील वैमानिकाचे पंख छातीवर नसून बाहीवर असतात. ग्रंथनामाचा अर्थ एवढाच. परंतु बाहीवर हृदय मिरविण्याचा एक वाक्प्रचार इंग्रजींत आहे, आणि ह्या ग्रंथकारानें बाहीवर फक्त पंख ठेविले, हें वाचकाच्या लवकरच ध्यानांत येतें.

कर्तृत्वाविषयीं वाद नाहीं. ब्राउन ह्यांनीं ४८७ प्रकारचीं विमानें चालविलीं व विमानवाहू नौकांवर २,४०७ वेळां विमान उतरविलें. १९४४ च्या मार्चमध्यें दोन एंजिनांचें मॉस्किटो त्यांनीं 'इन्डिफॅटिगेबल' नौकेवर उतरविलें. ३ डिसेंबर १९४५ रोजीं निव्वळ जेट विमान नौकेवर उतरविण्याचा पहिला मान 'ओशन'वर मिळविला. नौकेवरील वाफेच्या प्रक्षेपकाच्या प्रयोगांशींही त्यांचा संबंध होता; मुंबईच्या बंदरांत 'विक्रांत' पाहण्यास गेलेल्या आमच्या वाचकांनीं एके काळीं तसला प्रक्षेपक असलेली नौका डोळ्यांनीं पाहिलीच आहे.

आमचा प्रश्न निराळा आहे. हें वाङ्मय होय काय? परीक्षक वैमानिकाचें काम म्हणजे यंत्राचे दोष शोधून ते नेमक्या शब्दांत नोंदविणें. ती संवय ब्राउन ह्यांच्या गद्यांत पुरती मुरली आहे. वेग, उंची, सुकाणूचा जडपणा सांगून ते पुढें जातात. विमानाच्या वर्णनांत हा कोरडेपणा गुणच ठरतो, कारण भयाचें वर्णन न करतांही भय जाणवतें. १९४१ च्या डिसेंबरांत 'ऑडॅसिटी' नौका बुडाली व गार पाण्यांत बरेच सोबती दगावले, तें कथनही ह्याच सुरांत आहे, आणि तेथें तो सूर शोभतो. परंतु बेल्सेनच्या छळछावणींतील क्रामर व इर्मा ग्रेसे ह्यांची जबानी जर्मन भाषा अवगत असल्यामुळें ह्याच माणसानें घेतली. तेथेंही लेखणी जवळजवळ त्याच गतीनें चालावी, ह्याचें आम्हांस वाईट वाटलें. यंत्राचा दोष आणि मनुष्याचा दोष एकाच मोजपट्टीनें मोजतां येत नाहीं.

आम्हांस सर्वांत आवडला तो हेलिकॉप्टरचा भाग. १९४५ सालीं ब्राउन व त्यांचे एक सहकारी लिव्हरपूलजवळील स्पीक येथें सिकॉर्स्की कंपनीचीं दोन यंत्रें आणावयास गेले. हेलिकॉप्टर दोघांनींही कधीं चालविलें नव्हतें. शिकविणार कोण, असें विचारतां अमेरिकन सार्जंटानें त्यांच्या हातीं एक जाड पुस्तक ठेविलें. हाच तुमचा शिक्षक! मग तें पुस्तक वाचून दोघे यंत्रें जमिनीवरून उचलूं लागले, आणि अखेर फार्नबरोपर्यंत घेऊन गेले. एकाच जागीं स्थिर राहणें हेंच ह्या यंत्राचें कठिण कर्म, आणि वेगवान विमानें चालविणारा पुरुष तेथें नवशिक्यासारखा धडपडतो. येथें, आणि फारच थोड्या ठिकाणीं, ग्रंथकार स्वतःस हंसतो. 'स्मृतिचित्रें' वाचून ज्यांना अशा हंसण्याची गोडी लागली आहे, त्यांस हीं पानें परकीं वाटणार नाहींत. आरमारांतून निवृत्त झाल्यावर १९७० पासून ब्राउन हेलिकॉप्टरविषयक सल्लागार मंडळाचे प्रमुख झाले. जेट विमानाच्या ह्या वीराला उतारवयांत त्या धडपडणाऱ्या यंत्राचीच संगत लाभली.

आतां एक अवघड गोष्ट. पॉल बीव्हर ह्यांनीं २०२३ सालीं ब्राउन ह्यांचें चरित्र प्रसिद्ध केलें. ग्रंथकार दत्तक होते, आणि स्वतःच्या जन्माची जी हकीकत ते सांगत आले ती खरी नव्हे, असें त्यांत प्रतिपादिलें आहे. ह्यावरून ग्रंथकारास खोटें ठरविण्याची घाई आम्ही करणार नाहीं. त्या काळीं अशा जन्माची लाज मुलाच्या माथीं मारली जात असे. मात्र विमानाचा एकही दोष न लपविणाऱ्या माणसानें आपली कहाणी अशी झांकून ठेवावी, हें कळल्यावर आधीं रूक्ष वाटलेलीं पानें आम्हीं पुन्हां उघडलीं, आणि तीं आम्हांस पहिल्याइतकीं रूक्ष वाटलीं नाहींत. आत्मचरित्र म्हणून ग्रंथ अपुरा आहे, हें मत तरीही आम्ही मागें घेत नाहीं. ज्यांना तो मिळेल त्यांनीं वाढविलेली आवृत्ति घ्यावी, आणि स्पीकचा प्रसंग प्रथम वाचावा.