पॅकेज बांधणीची कसोटी : युनोहोस्टवरील नेक्स्टक्लाऊडची चिकित्सा

प्रस्तावना :
आपल्या फाइली आपल्याच सर्व्हरवर ठेवाव्यात, त्यासाठी एखाद्या मोठ्या कंपनीच्या धोरणावर विसंबून राहू नये, ही भूमिका मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत रुजलेली आहे. फ्रँक कार्लित्शेक यांनी २०१० मध्ये सुरू केलेला ओनक्लाऊड आणि त्यातून २०१६ मध्ये वेगळा झालेला नेक्स्टक्लाऊड हे या भूमिकेचे ठळक आविष्कार होत. शिक्षणक्षेत्राशीही या प्रश्नाचा निकटचा संबंध आहे. गूगलने शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद साठवणूक २०२२ मध्ये संपुष्टात आणली आणि प्रत्येक संस्थेसाठी १०० टेराबाइटची सामाईक मूळ मर्यादा ठेवली. सवलत देणारा ती काढूनही घेऊ शकतो, हे त्यावरून स्पष्ट झाले.

तथापि सॉफ्टवेअर मुक्त असणे आणि ते सामान्य माणसाला वापरता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नेक्स्टक्लाऊडसाठी वेब सर्व्हर, पीएचपी, डेटाबेस, सुरक्षा प्रमाणपत्र आणि ठराविक वेळाने चालणारी कामे यांची जुळणी करावी लागते. डेबियनवर आधारलेला युनोहोस्ट हा मंच ही सारी जुळणी एका बटणामागे ठेवण्याचे आश्वासन देतो. हे आश्वासन कितपत खरे ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पॅकेजचे स्वरूप :
युनोहोस्टचे पॅकेज म्हणजे मूळ सॉफ्टवेअरची प्रत नव्हे. त्यात एक परिचयपत्र असते आणि स्थापना, काढून टाकणे, अद्ययावत करणे, बॅकअप घेणे व पूर्वस्थितीत आणणे या पाच प्रमुख कृतींच्या संहिता असतात. पॅकेजकर्ता हा एका अर्थाने भाषांतरकारच असतो. मूळ निर्मात्याने जे गृहीत धरले, ते मंचाच्या शिस्तीत बसवणे हे त्याचे काम. युनोहोस्टवरील खाती एलडॅप निर्देशिकेत असतात. नेक्स्टक्लाऊडने स्वतंत्र खाती न उघडता तीच वाचावीत, अशी जोडणी पॅकेज करते. मंचाचे प्रवेशद्वार ब्राउझरमधून येणाऱ्या वापरकर्त्याला अडवून ओळख विचारते. पण संगणकावरील वा मोबाइलवरील समक्रमण प्रोग्रॅमला त्या पानाचा उपयोग नसतो. म्हणून त्याच्यासाठी ती वाट मोकळी ठेवून ओळखीची जबाबदारी नेक्स्टक्लाऊडवर सोपवावी लागते. हे निर्णय वापरकर्त्याला दिसत नाहीत; किंबहुना ते न दिसणे हेच पॅकेजचे यश मानले जाते.

दोन काळगतींचा संघर्ष :
खरी अडचण स्थापनेनंतर सुरू होते. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारणतः दोन वर्षांनी येते. नेक्स्टक्लाऊडच्या मुख्य आवृत्त्या वर्षातून एकाहून अधिक वेळा निघतात, प्रत्येकीला सुमारे वर्षभरच आधार मिळतो आणि एकही मुख्य आवृत्ती ओलांडून पुढे जाता येत नाही. ज्याने दीड वर्ष दुर्लक्ष केले त्याला प्रत्येक पायरी क्रमाने चढावी लागते.

या विसंगतीचे परिणाम पूर्वीच दिसून आले आहेत. उबुंटूच्या भांडारात ज्ञात सुरक्षादोषांसह पडून राहिलेली ओनक्लाऊडची जुनी आवृत्ती काढून टाकावी, अशी विनंती २०१४ मध्ये खुद्द ओनक्लाऊडच्या निर्मात्यांनी केली. २०१६ मध्ये डेबियननेही ते पॅकेज वगळले. सांभाळणारा नसलेले पॅकेज हे पॅकेज नसण्यापेक्षा घातक ठरते, हा त्यातील धडा होय. युनोहोस्टच्या पॅकेजने मधल्या आवृत्त्यांच्या पायऱ्या संहितेतच क्रमाने चढण्याची सोय केली, आणि आवश्यक तेथे डेबियनबाहेरील भांडारातून नवी पीएचपी आणली. हा तोडगा कौतुकास पात्र आहे. मात्र त्यामुळे स्थैर्याची हमी डेबियनकडून काही स्वयंसेवकांच्या सातत्याकडे सरकते, हेही नोंदवले पाहिजे.

‘बॅकअप’ या शब्दाचे दोन अर्थ :
अद्ययावत करण्यापूर्वी युनोहोस्ट आपोआप एक सुरक्षा-बॅकअप घेतो. त्यात प्रोग्रॅम, त्याची मांडणी व डेटाबेस येतो. वापरकर्त्यांच्या फाइलींचा मोठा साठा वगळला जातो. ही तडजोड सकारण आहे. शेकडो गिगाबाइटची नक्कल दर वेळी केल्यास डिस्क भरून जाईल, आणि अद्ययावत करण्याची क्रिया फाइलींना सहसा हात लावत नाही. परंतु सामान्य वापरकर्ता ‘बॅकअप झाला’ हे वाक्य वाचून आपली छायाचित्रे व प्रबंध सुरक्षित आहेत असे समजतो. डिस्कच निकामी झाली तर हा बॅकअप त्याला काहीही परत देणार नाही. येथे दोष संहितेचा नसून शब्दाचा आहे, आणि शब्दाची निवड हाही पॅकेज बांधणीचाच भाग आहे.

हीच मर्यादा गुणांकनालाही लागू पडते. युनोहोस्टमध्ये पॅकेजांना गुणवत्तेचे स्तर दिले जातात, आणि स्थापनेपासून पूर्वस्थितीत आणण्यापर्यंतच्या कृती स्वयंचलित रीतीने तपासल्या जातात. ही शिस्त अनुकरणीय आहे. मात्र चाचणी होते ती नव्या, जवळजवळ रिकाम्या यंत्रणेवर. अनेक वर्षांचा साठा आणि मध्येच भरलेली डिस्क या गोष्टी तेथे नसतात.

पर्यायी दृष्टी :
केंटन वार्डा यांच्या सँडस्टॉर्मने वेगळा मार्ग निवडला. तेथे प्रत्येक दस्तऐवज स्वतंत्र, बंदिस्त ‘कणा’त चालतो, खाती आणि सामायिक करण्याचे अधिकार मंचाकडेच राहतात. अशा चौकटीत स्वतःची खाती व अधिकार बाळगणारा अवाढव्य प्रोग्रॅम सहज बसत नाही. त्यामुळे ओनक्लाऊडच्या समक्रमण प्रोग्रॅमशी बोलू शकणारा डेव्हरॉस हा आटोपशीर प्रोग्रॅम त्यासाठी लिहिला गेला. सुरक्षेच्या दृष्टीने ही रचना सरस आहे. पण प्रत्येक सॉफ्टवेअर नव्याने घडवण्याची किंमत मोठी. २०१७ मध्ये सँडस्टॉर्मची कंपनी थांबली आणि कार्य स्वयंसेवकांकडे गेले. युनोहोस्ट सॉफ्टवेअरला आहे तसे स्वीकारतो, सँडस्टॉर्म त्याला बदलायला लावतो. पहिल्यात व्याप्ती मिळते, दुसऱ्यात शुद्धता.

समारोप :
पॅकेजचे मूल्यमापन बहुधा ‘किती सहज स्थापन होते’ या एकाच प्रश्नावर केले जाते. वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की हा प्रश्न गौण आहे. दोन वर्षांनी ते अद्ययावत होते काय, आणि यंत्र नष्ट झाल्यावर साठा परत मिळतो काय, हे प्रश्न निर्णायक आहेत. युनोहोस्टवरील नेक्स्टक्लाऊड पहिल्या कसोटीस बव्हंशी उतरतो. दुसरीचा भार तो वापरकर्त्यावर टाकतो, पण ते पुरेसे स्पष्टपणे सांगत नाही. असा सर्व्हर उभारू इच्छिणाऱ्या विभागाने म्हणूनच फाइलींचा साठा स्वतंत्रपणे अन्यत्र नकलावा, आणि तो दुसऱ्या यंत्रावर परत आणून पाहिल्याखेरीज जुनी व्यवस्था सोडू नये. एका बटणाने सर्व्हर उभा राहतो. तो सांभाळण्याचे उत्तरदायित्व मात्र कोणत्याही बटणात मावत नाही.