सहा गळ्यांची विनवणी

कार्तिकात भोरच्या देवळातला काकडा ऐकत जो वाढला, त्याला युरोपातले चार शतकांपूर्वीचे चर्चगायन ऐकवावे, तर पहिला उद्गार ठरलेला: “अहो, हे सगळे एकदम काय म्हणताहेत?” तक्रार रास्त आहे. आपल्या कानाला एका गळ्याची सवय. तिथे सहा गळे सहा वाटांनी चालतात आणि शब्द काही हाती लागत नाहीत.

गंमत अशी की हीच तक्रार त्यांच्यातही होती. १५६२ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेत ती निघाली. तेव्हा पालेस्त्रीनाने ‘पोप मार्सेलसचा मास’ रचून बहुसुरी गायन वाचवले, असे सांगतात. कथा रंगतदार, पण दंतकथाच. ज्या पोपचे नाव रचनेला मिळाले, तो १५५५ साली अवघे बावीस दिवस गादीवर होता! रचना छापली गेली १५६७ साली.

तिचा आरंभीचा ‘किरिये’ ऐकावा. शब्द ग्रीक आणि मोजके. अर्थ एवढाच, की प्रभो, दया कर. एक गळा वर झेप घेऊन पायरीपायरीने उतरू लागतो, तोच दुसरा तीच झेप घेतो, मग तिसरा. काकड्यात मागे बसलेले म्हातारे टाळकरी धृपद अंमळ उशिरा उचलतात ना, तसेच काहीसे. मात्र तिथला उशीर वयाचा नाहीतर झोपेचा. इथला रचनाकाराने मात्रेमात्रेने मोजलेला. ‘क्रेदो’त शब्द फार, म्हणून तिथे तो गळे एकत्र आणून अक्षरे स्पष्ट म्हणवतो. हे शहाणपण खरे. पण आम्हाला ‘किरिये’च अधिक भावतो. नाम एकच असले, की शब्द हरवण्याचे भय कसले?

“परधर्माचे गाणे, आपल्याला काय त्याचे?” असे विचारणाऱ्यांनी फादर थॉमस स्टीफन्स आठवावा. १५७५ साली तो रोममध्ये जेझुइट झाला, तेव्हा पालेस्त्रीना तिथेच सेंट पीटरच्या गायकवृंदाचा प्रमुख होता. १५७९ साली स्टीफन्स गोव्यात उतरला आणि पुढे ‘क्रिस्तपुराण’ लिहिताना त्याने मराठी ओवी जवळ केली. ओवी त्याला परकी वाटली नाही.

पहिल्या खेपेस सगळे ऐकण्याचा हट्ट धरू नये. सर्वांत खालचा गळा तेवढा धरावा आणि शेवटपर्यंत सोडू नये. दुसऱ्या खेपेस वरचा. फराळाला घरात सहाजण जमले असतील तर एकेकाने एकेक गळा वाटून घ्यावा. चकलीचा आवाज मात्र सातवा!