ऑसिलेटरचा धडा : अर्ध्यावर सोडलेले उत्तर

इलेक्ट्रॉनिक्सच्या अनेक पाठ्यपुस्तकांत ऑसिलेटरचा धडा बार्कहाउझेनच्या अटीपाशी सुरू होतो आणि जवळपास तिथेच संपतो. पुनर्भरणाच्या एका फेऱ्यात एकूण वर्धन बरोबर १ असावे, कलाबदल ३६० अंशांच्या पटीत असावा, म्हणजे दोलने टिकतात. हे विधान चुकीचे नाही. आमची तक्रार एवढीच, की ते अपुरे आहे आणि धडा तसे सांगत नाही.

एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारले, 'सर, दोलने किती व्होल्टची?' तर रेखीय समीकरणाकडे उत्तर नाही. त्याला १ व्होल्टही चालतो आणि १०० व्होल्टही. शिवाय वर्धन नेमके १ असेल, तर क्षीण गोंगाटातून दोलने वाढणार कशी? प्रत्यक्षात सुरुवातीचे वर्धन १ पेक्षा जास्त ठेवतात. दोलने मोठी होतात तसे ते घटते आणि १ वर येऊन स्थिरावते. आयाम ठरतो तो या अरेखीयतेमुळे. फिलिप्सच्या प्रयोगशाळेतील बाल्थाझार व्हॅन डर पोल यांनी १९२० च्या दशकात हे एका छोट्या समीकरणात मांडले. त्यातील अरेखीय पदाचा गुणक लहान असेल, तर सुरुवात ०.१ पासून करा वा ४ पासून. आयाम २ च्या जवळच स्थिरावतो.

सूक्ष्मतरंगांच्या क्षेत्रात हा अपुरेपणा महागात पडतो. १० गिगाहर्ट्झला एक आवर्तन अवघे १०० पिकोसेकंदांचे. १९७३ मध्ये बर्कली येथून आलेल्या 'स्पाइस'सारख्या आज्ञावली काळाच्या बारीक पायऱ्यांनी गणित करतात. अनुनादक उत्तम प्रतीचा असेल, तर स्थिर स्थितीपर्यंत हजारो आवर्तने मोजावी लागतात. म्हणून 'हार्मोनिक बॅलन्स' ही पद्धत वापरतात. तीत स्थिर दोलने म्हणजे मूळ कंप्रता व तिच्या पटींची बेरीज मानून थेट अंतिम स्थिती शोधतात.

दोन्हीकडे सापळा मात्र एकच आहे. 'दोलने शून्य' हेही समीकरणाचे अचूक उत्तर असते. खऱ्या मंडलातला गोंगाट ते टिकू देत नाही. संगणकाच्या गणितात तो गोंगाट नसतो, त्यामुळे चालू शकणारा ऑसिलेटरही तो बंद दाखवू शकतो. पहिल्या पद्धतीत सुरुवातीला धक्का द्यावा लागतो. दुसरीत शून्याचे उत्तर वगळण्याची वेगळी सोय करावी लागते. ज्याला केवळ बार्कहाउझेनची अट पाठ आहे, तो अशा वेळी आपल्या मंडलालाच दोष देईल.

आम्ही सुचवतो, की व्हॅन डर पोलचे समीकरण वर्गात स्प्रेडशीटवर सोडवावे. एकदा नेमक्या शून्यापासून सुरुवात करावी, एकदा ०.१ पासून. मग अरेखीय पद काढून टाकावे आणि ऑयलरच्या साध्या पद्धतीत पायरी ०.१ ठेवावी. ज्या दोलनांचा आयाम कायम राहायला हवा, तो दर आवर्तनाला सुमारे ३७ टक्के वाढताना दिसेल. ही वाढ निसर्गातली नसून आपल्या गणिताची आहे. संगणकाचे कोणते उत्तर मंडलाचे आणि कोणते पद्धतीचे, हा प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लागली, तर धडा पूर्ण झाला असे आम्ही म्हणू.