कबर नसलेले मुडदे

पडद्यावरचे मुडदे बहुधा कब्रस्तानातून उठतात. जॉर्ज रोमेरोच्या १९६८च्या चित्रपटाची सुरुवातच कब्रस्तानात होते. आपल्याकडे रामसे बंधूंनी 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) काढून तीच वाट धरली. शबे-बरातला आम्ही जिथे फातेहा पढायला जातो, ती जागा भयपटवाल्यांनी उगाच बदनाम केली.

आदित्य सरपोतदार यांच्या 'झोंबिवली'त (२०२२) मात्र कबरीची गरजच पडत नाही. डोंबिवलीत बाटलीबंद पाण्यातून रोग पसरतो. त्यामागे झोपडपट्टी आणि टॉवर यांच्यातला पाण्याचा तंटा आहे. आम्हां पनवेलकरांना ही निव्वळ थट्टा वाटत नाही. २०१७ साली शेजारच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत कारखान्याच्या रंगाने कुत्री निळी झाली होती. कासाडी नदीचे पाणी तर त्याआधीपासूनच नासलेले.

बाकी चावा, धावाधाव, डोक्यावर घाव हा ठरीव मसाला आहेच; हसूही येते. पण सारे पाप एका लोभी कारखानदाराच्या माथी मारून चित्रपट मोकळा होतो, ते आम्हांला खटकले. तळोजातही तेव्हा एका कारखान्याला टाळे लागले. वसाहतीत कारखाने मात्र शेकड्यांनी आहेत.